चार पानांची फाईल

दिंद्रुड,
१२ जानेवारी २०२६

ती. दादास,
धाकट्या विमलचा सा. न. वि. वि.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी वहिनीला हाक मारशील आणि विचारशील की विमलनं फोन सोडून हे लिहायचं कावून काढलं. तर ऐक. माझ्या तोंडाला महिन्याभराचं कुलूप लागलंय. आवाज बसलेला तू भाऊबीजेला ऐकलाच होतास. मला घोगरी फौजदारीण म्हणून हसलाही होतास. तो काही सुटेना. शेवटी तीन तारखेला तुझा भाचा रविराज आणि हे मला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलते. तिथं भूल देऊन घशात नळी घातली आणि आतला एक बारका तुकडा तपासायला काढला. घरी आल्यावर ह्यांनी सांगितलं की साधी सूज हाय, पण डॉक्टरनं महिनाभर एक शब्दही बोलायचा न्हाई असं बजावलंय. फोनसुद्धा काढून घेतला. म्हणे, हातात असला की तू बोलणारच.

आता मी संस्कृतीच्या लहानपणीच्या पाटीवर लिहून दाखवते. आमटीत मीठ कमी हाय, असं लिहून होईपर्यंत जेवणं उरकलेली असतात. नातीला हे कळलं तर ती पुण्याच्या होस्टेलात लोळून हसेल.

हसण्यावारी नेते, पण दादा, मला काही उमगंना झालंय. दवाखान्याचे कागद रविराजनं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेत. मी बोट दाखवलं की म्हणतो, सगळं इंग्रजी हाय, तुला काय कळणार. आणि हे! पंचेचाळीस वर्षांत ज्यांनी स्वतःचा पाण्याचा तांब्या स्वतः भरला न्हाई, ते मला रोज दूध आणून देतात.

तर काम असं. दवाखान्यातल्या खिडकीवरच्या मुलीनं रिपोर्ट पाठवायला ईमेल विचारला तेव्हा रविराज गाडी काढायला गेलता. माझ्या पिशवीत तुझ्या छापखान्याचं कार्ड होतं, तेच मी पुढं केलं. म्हणजे रिपोर्ट तुझ्याकडं आला असणार. तो बघ, छाप आणि पोस्टानं मला पाठव. रविराजला विचारू नको. इथल्या दुकानात छापायचं म्हटलं तर आमचं घर निवडणुका लढवणारं, माझ्याआधी साऱ्या बाजाराला कळेल. तुझी पत्रं इथं कोणी फोडत न्हाई. दोघा म्हाताऱ्यांचा नाद म्हणून सोडून देतात.

वहिनीला नमस्कार. धाकटीवरची माया कमी होऊ देऊ नको.

तुझी,
विमल

———

आष्टी,
१७ जानेवारी २०२६

चि. सौ. विमल हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका आहेत, पण तुझी तब्येत बघून सोडून देतो.

तुझा रिपोर्ट आलेला आहे. आता ‘आलेला आहे’ म्हणजे काय, हे मलाच नीट समजलेलं नाही. छपाईचं ट्रेडल मशीन विकल्यापासून लग्नपत्रिकेपुरता तो जुना कॉम्प्युटर ठेवलाय, हे तुला माहीत आहे. ईमेल मी महिन्यातून एकदा उघडतो. उघडला तर दहा तारखेचं दवाखान्याचं पत्र. त्यात तुझं नाव नाही, गाव नाही, नुसता एक लांबलचक नंबर आणि खाली एक फाईल टाचलेली. तिच्यावर टिचकी मारली तर म्हणे इथं दाखवता येत नाही, उतरवून घ्या. उतरवून घेतली तर ती कुठं उतरली तेच सापडेना. दीड दिवस शोधली. सापडली तेव्हा कॉम्प्युटरनं मला विचारलं की ही कशानं उघडू. मला माहीत असतं तर मी त्याला कशाला सांगितलं असतं?

मग इंटरनेटवर शोधलं. अशा फाईली बघायला आणि छापायला वेगळा प्रोग्रॅम लागतो. एका ठिकाणी मोठ्या अक्षरात फुकट असं लिहिलं होतं, तो घेतला. आधी परीक्षा म्हणून कोणाच्या तरी लग्नाची जुनी पत्रिका त्यात उघडून छापली, तर सगळ्या पानावर तिरपी करड्या रंगाची इंग्रजी अक्षरं उमटली. नेमकी वरमाईच्या नावावरून आडवी गेली. खाली सूचना, चौदा दिवस उरले, नंतर पैसे भरा. तुझी वहिनी म्हणाली की ही पत्रिका न्हाई, कोर्टाची नोटीस दिसते. तो प्रोग्रॅम काढून टाकला, तरी कोपऱ्यातून डोकावतोच आहे.

विमल, चाळीस वर्षं मी शिशाचे खिळे जुळवले. शाई लावली, कागद दाबला की अक्षर उमटायचं. इथं अक्षर आहे म्हणतात, पण दिसत नाही. तरी मी हटणार नाही. मेहुणे सुंदररावांना नमस्कार सांग, म्हणजे पाटीवर लिही.

तुझ्या काळजीत असलेला,
दादा

———

दिंद्रुड,
२२ जानेवारी २०२६

ती. दादास,
विमलचा सा. न. वि. वि.

सोबत कागदात तिळगूळ घातलाय. पोस्टात चुरा झाला असेल, चमच्यानं खा.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वेगळं समजलं. फुकट म्हणून दिलं तर पैसे कावून मागतात? आणि फाईल तुझ्या घरात उतरली म्हणतोस, मग ती दीड दिवस सापडत न्हाई म्हणजे गेलती कुठं? तू छापखान्यात एक टिंब हरवलं तरी गिऱ्हाईक थांबवून शोधायचास. मला वाटतं त्या यंत्राला तुझा स्वभाव माहीत न्हाई.

एक आठवलं. खिडकीवरच्या मुलीनं मला एक चिठ्ठी दिली होती. ती पिशवीच्या तळाला सापडली. तिच्यावर इंग्रजीत पासवर्ड आणि पुढं डी, ओ, बी अशी तीन अक्षरं हायेत. मला वाटलं डॉक्टरचं नाव असंल. तुला काही उलगडलं तर बघ.

इथलं काय सांगू. काल रविराज अंगणात फोनवर कोणाशी तरी बोलत होता. मी ओट्यावर आले तसा त्यानं सूर बदलला आणि ऊसतोडीच्या टोळीची चौकशी करायला लागला. आपला ऊस तर गेल्या आठवड्यातच कारखान्याला गेला, दादा. परवा ह्यांनी माजलगावकडून कसलासा झाडपाला आणला. मधातून घे म्हणाले. साध्या सुजेला एवढं? पाटीवर ‘कशासाठी’ असं लिहिलं, तर त्यांनी पाटी पुसून ठेवली.

आवाज न्हाई म्हणजे माणूस घरात असून नसल्यासारखं होतं. शेजारच्या साखराबाई येतात, माझ्यासमोर बसतात आणि माझ्याबद्दल सुनेला विचारतात. जणू मला ऐकूही येत न्हाई.

वहिनीला गुडघ्याला तेल लाव म्हणावं. तुमच्या दोघांची आठवण काढत असते.

विमल

———

आष्टी,
२७ जानेवारी २०२६

चि. सौ. विमल हिस,
अ. उ. आ.

तिळगूळ चमच्यानं खाल्ला. गोड बोलायचं तर तुला बंदी, म्हणून दोघांच्या वाट्याचं मीच बोलतोय.

आमच्या बाजारगल्लीत रोहिणीबाई म्हणून एक शिक्षिका संगणकाचा वर्ग चालवतात. त्यांना फाईल दाखवली नाही, तुझं नाव काढलं नाही. फक्त विचारलं की कागद बघायला आणि छापायला खरोखरचं फुकट काही आहे का. त्यांनी आधी मला समजावून सांगितलं. म्हणाल्या की काका, एक फुकट असतं ते आमिषाचं, आणि दुसरं असतं ते मोकळं. मोकळं म्हणजे कोणीही वापरावं, दुसऱ्याला द्यावं, आतून कसं बनवलंय तेही उघडून बघावं. मी विचारलं की मग बनवणारे खातात काय. त्या म्हणाल्या, काही लोक नोकरी सांभाळून आवडीनं करतात. माझा काही विश्वास बसला नाही. पण तुझ्यासाठी केलं.

त्याचं नाव सुमात्रा. हसू नको, खरंच तसं आहे. उतरवायला चहा उकळेपर्यंतचाही वेळ लागला नाही. पैसे नाहीत, चौदा दिवस नाहीत. पत्रिका पुन्हा उघडली, छापली, वरमाई स्वच्छ! मी वहिनीला पान नेऊन दाखवलं. मग धीर करून तुझी फाईल उघडली. उघडली म्हणजे दार दिसलं, कुलूप होतं. एक चौकट आली आणि पासवर्ड मागितला. ती तुझी तीन अक्षरं म्हणजे जन्मतारीख, हे रोहिणीबाईंनी सांगितलं. दिवस, महिना, साल मिळून आठ आकडे.

आता जन्मतारखेचा घोटाळा. शाळेत आपल्या तात्यांनी तुझी एक जून लिहवली होती, तशी माझीही एक जूनच आहे आणि आळीतल्या निम्म्या पोरांची तीच. ०१०६१९५९ घातलं, उघडलं नाही. तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालीस, बैलांच्या झुली अजून अंगणात होत्या, हे मला पक्कं आठवतं. पण त्या पोळ्याची इंग्रजी तारीख कोणाला माहीत? दवाखान्यातला फॉर्म कोणी भरला होता? तुझ्या नावावर जितक्या तारखा फिरत असतील तितक्या सगळ्या लिहून पाठव.

अंगावर पांघरूण घेऊन झोपत जा. थंडी अजून गेली नाही.

दादा

———

दिंद्रुड,
१ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
विमलचा सा. न. वि. वि.

सुमात्रा हे बेट होतं ना? भूगोलाच्या गुरुजींनी मला त्यासाठी बाकावर उभं केलं होतं. ते आता तुझ्या टेबलावर येऊन बसलं, हे वाचून मी आवाज न करता इतकी हसले की सून पाणी घेऊन धावली.

तारखा घे. शाळेची एक जून, ती तू वापरलीसच. मतदार कार्डावर एक जानेवारी ५७ हाय, ती कोणी आणि कशी टाकली देव जाणे. पोळ्याची पंचांगवाल्यांना विचारावी लागंल. आणि एक आठ मार्च ५९. ती काही खरी न्हाई. संस्कृती सातवीत असताना तिला वाटलं की आजीचा केक कधीच कापत न्हाईत, म्हणून तिनं महिला दिनाची तारीख मला देऊन टाकली. तेव्हापासून रविराज दरवर्षी त्या दिवशी पेढे आणतो. फॉर्म रविराजनंच भरला होता.

दादा, उद्या माझा महिना पुरा होतो. मी पाटीवर मोठ्ठं ‘उद्या’ असं लिहून ह्यांना दाखवलं. ह्यांनी मान खाली घातली आणि सांगितलं की डॉक्टरनं शिवरात्रीपर्यंत वाढवलंय. डॉक्टरकडं कधी गेलते, फोन कधी केलता, काही न्हाई. मी परत पाटी धरली तर उठून शेताकडं निघून गेले, चप्पलसुद्धा न घालता.

मला खरं काय ते हवं. वाईट असलं तरी चालंल. नुसतं चाचपडत राहणं सोसवत न्हाई. लवकर उघड.

विमल

———

आष्टी,
६ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. विमल हिस,
अ. उ. आ.

तुझ्या तिन्ही तारखा घालून पाहिल्या. एकही लागली नाही. प्रिंटरची शाईही वाळली आहे, ती नगरहून मागवावी लागेल. तेव्हा थोडे दिवस थांब. तसंही या दवाखान्यांचे कागद म्हणजे सगळा गोंधळच. एवढी मोठी इमारत, आणि बाईच्या नावाचं ‘विमलबाई’चं ‘विमलाबाई’ करून ठेवतात. अशांच्या लिहिण्यावर काय भरवसा ठेवायचा?

मी म्हणतो, तू रविराजबरोबर पुन्हा त्याच डॉक्टरकडं का जात नाहीस? सहज म्हणून. झाडपाला मात्र घेऊ नकोस. दूध घे. अंडं चालत असेल तर घे. तुझी वहिनी म्हणते की तू आमच्याकडं येऊन रहा, किंवा आम्हीच येतो. तुला लहानपणी ताप आला की मी चिंचेची बोटुकं आणून द्यायचो, ते का कोण जाणे आज सारखं डोळ्यापुढं येतंय.

बाकी सर्व ठीक आहे.

दादा

———

दिंद्रुड,
१० फेब्रुवारी २०२६

दादा,

नमस्कार तर हायेच, पण आज बाकीचं काही लिहीत न्हाई.

तू पहिल्या पत्रात लिहिलंस की दवाखान्याच्या ईमेलमध्ये माझं नाव न्हाई, नुसता नंबर. तुझं ते पत्र माझ्यासमोर हाय. माझ्याकडच्या पावतीवर नाव बरोबर छापलंय, विमलबाई. मग ‘विमलाबाई’ तू कुठं वाचलंस? ते फाईलच्या आतच असणार. जन्मभर प्रूफं तपासलीस, चूक दिसली की तुला गप्प बसवत न्हाई. खोटं बोलतानासुद्धा बसवलं न्हाई.

म्हणजे फाईल उघडली. तू वाचलीस. आणि तुझ्या पत्रात अंडं हाय, दूध हाय, चिंच हाय. माझ्यासाठी तूही सुंदरराव झालास.

ह्यांच्यावर मी रागावले न्हाई, कारण हे मला जपतात ते असंच, मला न विचारता. पण मी तुला पत्र लिहिलं, कारण तू मला अक्षर शिकवलंस. शाळेत घालायच्या आधी तूच छापखान्यातनं उरलेले खिळे आणून ओळी लावायचास आणि उलट्या अक्षरांतनं मला माझं नाव वाचायला लावायचास. आता माझ्या नावानं आलेलं मला वाचू द्यायचं न्हाई, असं तू ठरवणार?

पाठव. सगळी पानं. न पाठवलीस तर भाऊबीजेला मी येणार न्हाई, हे मी पाटीवर न्हाई, कागदावर लिहिते.

विमल

———

आष्टी,
१३ फेब्रुवारी २०२६

प्रिय विमल,

आशीर्वाद द्यायला आज मला अधिकार नाही, म्हणून प्रिय लिहितो.

फाईल चार तारखेला दुपारीच उघडली होती. आठ मार्चनं. कुलूप गेलं आणि चार पानं समोर आली. मी ती बघण्याआधी छापायला गेलो. छापायच्या चौकटीत एक आकडा मागतात. मला वाटलं किती पानं ते विचारतात, म्हणून चार लिहिलं. ते होतं किती प्रती. प्रिंटर थांबेना, एकामागून एक सोळा कागद आले. मी त्यातला एक उचलला, त्यात एक शब्द ओळखीचा निघाला आणि खुर्चीत बसलो. तुझी वहिनी बाहेर आली, तिनं कागदांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि कागद गोळा करून टेबलावर ठेवले. तिन्ही जादा प्रती मी चुलीत घातल्या. चौथी कपाटात ठेवली, तुझ्या रविराजसारखी.

मला इंग्रजी येतं ते खिळ्यांपुरतं. अक्षर ओळखतो, अर्थ लावता येत नाही. म्हणून छापखान्यातला जुना शब्दकोश काढला आणि एकेक शब्द शोधला. जे लिहिलंय त्याच्याखाली लाल पेन्सिलीनं मराठी लिहिलंय, प्रुफावर लिहायचो तसं. कोशात जे नव्हतं तिथं प्रश्नचिन्ह आहे. माझ्या मनाचं एकही अक्षर घातलेलं नाही.

तुला ती पानं उलटण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. तिसऱ्या पानावर जो शब्द आहे त्याचा अर्थ कोशात कर्करोग असा दिलाय. त्याच ओळीत पुढं ‘अर्ली’ आहे, म्हणजे सुरुवातीचा. चौथ्या पानावर लिहिलंय की किरणांचे उपचार लवकर सुरू करावेत, आवाज बहुतेक राहील, आणि रोग्याला दोन आठवड्यांत घेऊन यावं. ते दोन आठवडे होऊन गेलेत, विमल. वरचे नऊ दिवस माझ्यामुळं गेले.

आणि दुसऱ्या पानावर खालून पाचवी ओळ बघ. आवाजाला विश्रांती. पुढचा आकडा मी भिंग घेऊन तीनदा पाहिला. छपाईची चूक असेल म्हणून पडद्यावर पाच पट मोठा करूनही पाहिला. तीन दिवस असं आहे. महिना नाही. मला ह्याचा काही उलगडा होत नाही.

स्पीड पोस्टानं पाठवतोय. तू बोलावशील तेव्हा आम्ही दोघं येऊ. न बोलावलंस तरी येऊ.

दादा

———

शहर, दवाखान्याजवळची धर्मशाळा,
२५ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
विमलचा सा. न. वि. वि.

आशीर्वादाचा अधिकार परत केलाय. पुढच्या पत्रात नेहमीसारखं अ. उ. आ. लिही.

पाकीट शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आलं. पोस्टमन गेल्यावर मी मागच्या खोलीत बसून चारही पानं वाचली. तुझी लाल पेन्सिल होती म्हणून वाचता आली. तो शब्द वाचला. महिनाभर अंधारात भिंत चाचपत होते, ती हाताला लागली. वाईट भिंत हाय, पण लागली तरी. मग खालून पाचवी ओळ काढली आणि तिच्याकडं लई वेळ बघत बसले.

हे दुपारच्या जेवणाला बसले होते. मी पाटी घेतली न्हाई. समोर जाऊन विचारलं की डॉक्टरनं तीन दिवस सांगितले होते का महिना. दादा, चव्वेचाळीस दिवसांनी आवाज काढला, तो माझा मलाच ओळखू आला न्हाई. जात्यात खडा अडकल्यासारखा. ह्यांच्या हातातला घास ताटात पडला. आधी म्हणाले बोलू नको, बोलू नको. मग म्हणाले, तीन. मी विचारलं की मग महिना कावून. तर म्हणाले की तीन दिवसांनी गुण येतो तर तीस दिवसांनी जास्तच येईल, असं वाटलं. खताच्या बाबतीतही ते असंच करतात, दरवर्षी एक वाफा जाळतात.

मी त्यांना खरं विचारलं. की मी बोलले असते तर प्रश्न विचारले असते, त्याची तुम्हांला भीती होती ना? ते ताटावरच रडायला लागले. एवढा मोठा माणूस, सभेत माईक सोडत न्हाई, आणि म्हणाले की मला तुला सांगता येत नव्हतं विमल, रोज सकाळी ठरवायचो आणि दूध घेऊन यायचो. रविराज दारात उभा होता. कोणी तरी त्याला सांगितलं होतं की घशातली पेटीच काढतात, आई कायमची मुकी होते. तो महिनाभर तीन-तीन दवाखान्यांना फोन करत होता, आणि तिघं तीन सांगत होते. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी त्यांना संशय बोलून दाखवला होता आणि दोघंही भ्याले होते, एवढंच. मी रागावले. माझ्या आजाराचा निर्णय घरातल्या सगळ्यांनी घेतला, झाडपाल्यावाल्यानंही घेतला, मीच राहिले, असं बोलले.

परवा सोमवारी इथं आलो. डॉक्टर बाई हायेत, त्या दिवशी भूल असल्यानं मी त्यांना नीट पाहिलंच नव्हतं. त्या रविराजकडं बघून बोलायला लागल्या तेव्हा मी तुझी लाल पेन्सिलीची पानं टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटून पाहिली. कोशात न सापडलेल्या तुझ्या सात प्रश्नचिन्हांची उत्तरं त्यांनी स्वतःच्या पेनानं लिहून दिली आणि विचारलं की हे कोणी केलं. मग माझ्याकडं खुर्ची वळवली. उशीर झाला हे बरं न्हाई, पण फार पुढं गेलेलं दिसत न्हाई, असं म्हणाल्या. पुन्हा तपासलंय. दोन मार्चपासून सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज किरणं. मधे घसा लई दुखंल, गिळवणार न्हाई. आवाज राहील असं त्यांना वाटतं, पण वचन दिलं न्हाई. मला त्यांचं तेच आवडलं.

मग संमतीचा कागद आला, तीन पानांचा, इंग्रजीत. खिडकीवरच्या माणसानं सहीच्या जागेवर फुली मारून दिली आणि बोट ठेवलं. रविराजनं पेन काढून माझ्या हातात दिलं. मी पेन खाली ठेवलं आणि त्याला म्हणाले की आधी वाच, मराठीत, एकेक ओळ. मागं रांग लागली होती. खिडकीवरचा माणूस म्हणाला की मावशी, सगळे अशीच सही करतात. मी सांगितलं की करू द्या.

रविराज वाचायला लागला. पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्यावर तो अडखळायला लागला, एक ओळ सोडून पुढं गेला. मला इंग्रजी येत न्हाई, पण ओळी मोजता येतात. मी बोट त्या ओळीवर नेलं. त्यानं ती वाचली. आवाज जाण्याची शक्यता, असं होतं तिथं. तिसऱ्या पानावर जिवाला धोक्याची ओळ आली तेव्हा त्याच्या तोंडातनं शब्द फुटंना. हे पलीकडं तोंड फिरवून उभे होते. मी रविराजच्या पाठीवर हात ठेवला, लहानपणी पाढे म्हणताना अडला की ठेवायचे तसा, आणि म्हणाले, वाच बाळा, मी ऐकते हाय.

त्यानं शेवटपर्यंत वाचलं. मग मी सही केली.

वहिनीला आणि तुला माझा जीव लागलेला हाय, एवढं लक्षात असू दे.

तुझी,
विमल